दोरा संपला होता

गल्ला : छोट्या धंद्यांविषयी वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त बँकवालीची उत्तरे

पाऊस लागला की पत्रे वाढतात, हा दर वर्षीचा अनुभव. या खेपेला चार घेतली आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे. त्या पत्रात जे करायचे घाटते आहे, ते मी स्वतः एकदा समई लावून, फोटो काढून केलेले आहे. त्यामुळे हात आखडता घेता आला नाही.

गोव्यातल्या साखळीहून एक निवृत्त शिक्षिका लिहितात : आमच्या चाळीस जणींच्या महिला मंडळाने वर्गणी काढून ६०,००० रुपये जमवले आहेत. आसपासच्या सहा गरजू मुलींना गणेश चवथीआधी छोटा कार्यक्रम करून शिवणयंत्रे द्यावीत असा विचार आहे. मुली १९ ते २४ वर्षांच्या. दोघींचे वडील खाणीच्या ट्रकवर चालक होते, खाणी बंद झाल्यापासून धड काम नाही. एक माझ्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईची मुलगी, बारावी पास. एकीचे आईवडील बांधकामाच्या मजुरीसाठी कर्नाटकातून आलेले. उरलेल्या दोघींना वडील नाहीत. त्यातल्या एकीच्या नावावर आईने गटाचे कर्जही काढले आहे म्हणे. मशीन साधे घ्यावे की मोटरचे? आणि कोर्स कुठला करवून घ्यावा?

बाई, मशीन वाटू नका. वर्गणी मागताना दारोदार काय काय ऐकून घ्यावे लागते ते मला ठाऊक आहे, आणि साठ हजार ही मंडळासाठी लहान रक्कम नव्हे. तरीही नको.

वीसेक वर्षांपूर्वी मी सत्तरी तालुक्यातल्या एका बँक शाखेत होते. तिथे अशाच एका समारंभात बारा मुलींना मशीन दिली. मांडव, समई, नारळ, भाषणे. मशीनना हळदकुंकू मीच लावले. अर्धी देणगी आणि अर्धे कर्ज असा मेळ होता, म्हणून वर्षाने पाहणीला आणि वसुलीला घरोघर जाणे आले. पहिल्या घरात मशीनवर टीव्ही. दुसऱ्या घरात पांघरुणांची चळत. तिसरीचे मशीन भावाच्या लग्नात विकले गेले होते. ती नुसती खाली मान घालून उभी राहिली. बारांतल्या दोघी शिवत होत्या. चौथ्या घरातल्या मुलीला मी जरा तोऱ्यातच विचारले, ‘का गं, बंद का ठेवलेस?’ ती म्हणाली, ‘बाई, दोरा संपला.’ मला वाटले, कारणे सांगते आहे. मग कळले की खरेच संपला होता. रिळे, अस्तर, हूक, सुया मिळून दोनशे रुपयांचा माल आणायचा होता. ते दोनशे मागायचे कोणाकडे, तर बापाकडे. शिलाईचे पैसे आले की तेही बापाच्याच हातात जात होते. तिने काही महिने मागितले, मग सोडून दिले. आम्ही हजारोंचे यंत्र दिले आणि दोनशे रुपये तिच्यापाशी राहतील एवढी सोय काही केली नाही.

आता तुमच्याकडे बघू. तुम्ही चाळीस जणी. चवथ, दिवाळी, गावची जत्रा आणि एखादे लग्न मिळून प्रत्येकीचे वर्षाला चार ब्लाउज धरा. १६० झाले. डिचोलीत माझी शिवणारी अस्तराच्या ब्लाउजला ३५० घेते. म्हणजे ५६,००० रुपयांची शिलाई तुमचे मंडळ दर वर्षी कुठे ना कुठे देतेच आहे. वर्गणीने जमले जवळजवळ तेवढेच. फॉल-पिको, परकर, नातवंडांचे गणवेश मी धरलेलेच नाहीत. हे काम या मुलींकडे वळवायची मंडळाची तयारी आहे का, ते बैठकीत विचारा. मशीनसाठी हजार-दीड हजार वर्गणी देणारी बाई आपला ब्लाउज मात्र ओळखीच्या शिंप्याकडेच टाकते, हे मी पाहिले आहे. ‘चांगला बसतो हो त्याचा’ म्हणते. बरोबरच आहे तिचे, पण मग मुलीचा कोणी टाकायचा?

वळवणार असाल तर दर पुरा द्या. ‘आपलीच पोर’ म्हणून दोनशेत शिवून घेऊ नका. आणि पहिला बिघडला तर गवगवा न करता उसवायला लावून परत शिवून घ्या. गळा पहिल्यांदा बिघडतोच.

पण त्याआधी शिवायला यायला हवे. कोर्स वाईट नसतात. फरक इतकाच की कोर्समध्ये कागदावर फ्रॉक कापतात आणि बाजारात गिऱ्हाईक जुना ब्लाउज पुढे टाकून म्हणते, ‘असाच, पण दंडात अर्धा इंच सैल.’ म्हणून तुमच्या बाजारात दुकान टाकून बसलेली एखादी शिवणारी गाठा. चवथीआधीचा महिना तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. हूक-काज करायला, तुरपायला, फॉल लावायला हात हवेच असतात. तिच्याकडे दोन-दोन मुली तीन महिने बसवा. शिकवण्याचे म्हणून तिला काही द्या आणि मुलींचे बसभाडे मंडळाच्या पैशातून द्या. तीन महिन्यांत कोणाचा हात बसतो आणि कोणाला मान मोडून बसणे जमत नाही, ते आपोआप कळेल. न जमणारीला दोष देऊ नका. मलाही जमले नव्हते, मी बँकेत गेले.

यावरून आठवले. सहाही जणींना शिवणच कसे हवे? विचारलेत का? माझा अंदाज आहे, विचारले नाही. मुलगी गरीब असली की आपल्याकडे तिला शिवण, नाहीतर मेणबत्त्या, नाहीतर फिनाइल. यात हल्ली कापडी पिशव्यांची भर पडली आहे. मेणबत्त्या शिकलेल्या मुली मी शेकड्यांनी पाहिल्या असतील. गोव्यात एवढी फेस्ते, एवढी चर्च, तरी त्यांच्याकडून मेणबत्ती विकत घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्याची त्याची मेणबत्ती ठरलेल्या दुकानातून येते. तुमच्या बारावीवालीला कदाचित मोबाइल दुरुस्ती शिकायची असेल. कोणाला पोळ्या लाटून द्यायला आवडेल. साखळीत नोकरी करणाऱ्या बायका संध्याकाळी पोळ्या विकत घेत नाहीत की काय? एकेकीला एकटीला घरी बोलवा, चहा द्या. आईला बरोबर येऊ देऊ नका.

ज्यांना शिवायचेच आहे त्यांच्यासाठी मंडळाच्या खोलीत दोन मशीन आणि कापडाच्या कडा बांधायचे एक ओव्हरलॉक ठेवा. हे तीस हजारांच्या आत बसायला हवे. किल्ली मुलींकडे. दुपारी तीन ते सात. घरी मशीन असले की ‘जरा पाणी भर’, ‘जरा दादाचा शर्ट बघ’ सुरू होते, आणि फुकटच्या शिलाईत दिवस जातो. खोलीवर आले की ते काम होते. दहा हजार दोरा-अस्तरासाठी फिरते ठेवा, म्हणजे उचलायचे, शिलाई आली की परत टाकायचे, वहीत लिहायचे. उरलेले लगेच खर्चू नका. चवथ-दिवाळीची गर्दी सरली की मुलींना वाटते धंदा बुडाला. पुढे लग्नसराई येईपर्यंतचे ते दिवस काढायला पैसे लागतात.

स्वतःचे मशीन घ्यायची वेळ आली तर ते मंडळाने कशाला द्यायचे? पीएम विश्वकर्मा ही केंद्राची योजना २०२३ साली सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत दर्जी आहे. पाच ते सात दिवसांचे मूळ प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचे व्हाउचर, आणि पुढे तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने. वय १८ पुरे आणि घरातून एकालाच. मात्र हाताने ते काम करणाऱ्यांसाठी ती आहे, आणि पहिली पडताळणी पंचायत किंवा पालिका पातळीवर होते. म्हणूनच म्हणते, आधी तीन महिने बाजारात बसू दे. मग ‘मी शिवते’ म्हणताना तिला खोटे बोलावे लागणार नाही. दर्जीची नोंदणी सध्या घेताहेत ना, ते सेवा केंद्रात जाऊन आधी विचारून घ्या. आणखी एक, स्वयंरोजगाराच्या दुसऱ्या सरकारी योजनेचे कर्ज मागच्या पाच वर्षांतले अंगावर असेल तर इथे अडते. त्यामुळे मुलीच्या नावावर घाईने मुद्रा कर्ज काढून ठेवू नका. क्रम चुकला की दार बंद.

मजुराच्या मुलीची गोष्ट वेगळी. गृहआधारसारख्या राज्याच्या योजनांना १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तिच्याकडे तो नसणार, म्हणून सगळीकडून ती मागे राहते. केंद्राच्या योजनांना आणि बँकेच्या साध्या खात्याला त्या दाखल्याची गरज नाही. आधारवरचा पत्ता तेवढा नीट करून घ्या. सहांतली पहिली कोणती उचलायची असे मला विचाराल तर हीच.

आणि जिच्या नावावर आईने गटाचे कर्ज काढले आहे, तिचा हप्ता चालू आहे की थकला आहे ते आज बघा. गटाचा हप्ता आठवड्याला येतो. एकीने चुकवला तर बाकीच्या बायका अंगणात येऊन बसतात. थकलेले कर्ज सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, लागते. पुढे बँकेत गेल्यावर त्या पोरीला कळणारही नाही, आपल्याला नाही का म्हणताहेत.

शेवटी खाते. सहा जणींची सहा खाती, एकटीच्या नावावर. पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाकडे असते ते विचारा. एकतीस वर्षे मी खिडकीत बसले. ‘पासबुक बाबांकडे आहे’ हे वाक्य किती वेळा ऐकले त्याचा हिशेब नाही. बाबा वाईट असतातच असे नाही. खाण बंद पडली २०१२ मध्ये, थोडी सुरू झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबली. ट्रकचे हप्ते भरताना घरातले सगळ्यांचे पैसे एका डब्यात गेले. त्या डब्यातून दोरा आणायला पैसे निघत नाहीत.

हो, मशीनचे राहिलेच. पायाचे घ्या आणि त्याला मोटर बसवून घ्या. पावसात वीज गेली तरी काम थांबत नाही.

सत्तरीतल्या केरीजवळून २३ वर्षांची मुलगी लिहिते : काकी, मी आणि आई उन्हाळ्यात आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) करतो. भिरंडां, म्हणजे कोकमाची फळे, आमच्याच कुळागरातली (पोफळीच्या बागेतली). या वर्षी २०० बाटल्या झाल्या. पणजीतले एक दुकान बाटलीला १२० देते आणि २२० ला विकते. मला बाटलीमागे ४५ खर्च येतो : बाटली १८, लेबल ५, मीठ १०, बसभाडे-वाहतूक १२. म्हणजे ७५ फायदा. पण पैसे तीन महिन्यांनी मिळतात आणि एखादी बाटली गळली की तेही कापतात. बाबा नाहीत, धाकटा भाऊ शिकतो. एक ओळखीचे म्हणतात, पीएमईजीपी या केंद्राच्या अनुदान योजनेतून पाच लाखांचे कर्ज काढून बाटल्या भरायचे यंत्र घे. घेऊ का?

बाय, तुझा हिशेब लिहायची पद्धत मला आवडली. मी पाहिलेल्या निम्म्या प्रकल्प अहवालांत बसभाडे नसते. पण दोन गोष्टी तू फुकट धरल्यास, भिरंडां आणि तुम्ही दोघी.

भिरंडां कुळागरातली असली तरी ती तशीच व्यापाऱ्याला घातली असतीस तर पैसे आलेच असते ना? बाटलीमागे २५ धरू. आता मजुरी. फोडणे, मीठ लावणे, रस सुटेपर्यंत ढवळणे, गाळणे, बाटल्या धुणे, भरणे. किती दिवस गेले ते तू लिहिले नाहीस. तू बारा दिवस, आई तेरा दिवस असे समजू. कोणाच्या भाटात कामाला गेला असतात तर चारशे रुपये रोज पडला असता. पंचवीस दिवसांचे १०,०००, म्हणजे बाटलीला ५०. तुझे ४५, हे २५ आणि हे ५० : बरोबर १२०. तुला फायदा ७५ दिसतो तो सगळा तुमचा घाम आणि तुमचे झाड. दुकानदार तुम्हाला फक्त मजुरी देतो आहे, आणि तीही तीन महिन्यांनी. दिवस कमीजास्त असतील तर आकडा बदल, पण ओळ वहीतून काढू नकोस.

माझी आई म्हार्दोळला देवळाबाहेर फाती (फुलांचे गजरे) विकायची. अबोली, पावसात जायो. तिच्याकडे दोन डबे होते, दोन्ही बिस्किटांचे. एकात उद्याच्या फुलांचे पैसे, दुसऱ्यात घरचे. पहिल्या डब्याला हात लावायची आम्हाला काय, वडिलांनाही परवानगी नव्हती. एकदा माझ्या परीक्षेची फी भरायची होती आणि दुसरा डबा रिकामा. शेजारणीकडून उसने आणले तिने, पण पहिला उघडला नाही. तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. तुझा पहिला डबा तीन महिने पणजीत पडून असतो, आणि पुढचा मीठ-बाटलीचा खर्च तू बहुतेक दुसऱ्यातून करतेस.

तर दुकानाचे काय करायचे? ‘उद्यम’ ही लहान धंद्यांची सरकारी नोंदणी करून घे. आधार आणि पॅन नंबरवर ऑनलाइन होते, एक पैसा लागत नाही. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे किती दिवसांत द्यायचे ते २००६ च्या लघुउद्योगांच्या (एमएसएमई) कायद्यात ठरले आहे : लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसला तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट व्याज. पण हा कागद दुकानदाराच्या तोंडावर मारू नकोस. दोनशे बाटल्यांसाठी कोणी भांडत बसत नाही, तो उद्या दुसरीकडून आगळ घेईल. बिलावर उद्यम नंबर छाप आणि सांग, ‘अर्धे रोख, अर्धे ४५ दिवसांत, आणि गळतीची बाटली मला परत दाखवायची.’ समजदार असेल तर नंबर बघूनच समजेल. नाही म्हणाला तर त्याला पन्नासच बाटल्या दे.

बाकीच्या दीडशेंसाठी गिऱ्हाईक तुला शोधावे लागेल, आणि ते पणजीत नाही. आगळ कोण वापरते? सोलकढी विकणारी खानावळ, मासळीची थाळी देणारे हॉटेल. त्यांना बाटली नको, लेबल नको, पाच लिटरचा कॅन हवा. तुझे बाटली आणि लेबलचे तेवीस रुपये तिथेच वाचतात. वाळपई-साखळीच्या रस्त्यावरच्या चार खानावळींत जाऊन नमुना ठेवून ये. मालकाला नको, आचाऱ्याला चाखव. दुसरे म्हणजे पुरुमेंत. एप्रिल-मे मध्ये माणसे पावसाळ्याची बेगमी करायला निघतात, तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आईबरोबर बसलीस तर १८० ला बाटली जायला हरकत नाही, आणि पैसे त्याच दिवशी. पण त्यासाठी आगळ त्या वेळेला तयार हवे. भिरंडां पिकतात त्याच दिवसांत, म्हणजे मागच्या वर्षीचा थोडा माल राखून ठेवायला हवा. आगळ नीट मीठ असेल तर टिकते. सोलां (आमसुले) मात्र मृग लागायच्या आत वाळली पाहिजेत, त्यांचा धंदा उन्हाचा. आणि बियांचे काय करता? भिरंडेल, म्हणजे त्यांचे तेल, काढत नसाल तर आजीला विचार. भेगांना लावायला पावसात लोक शोधत येतात.

खाण्याचा माल आहे तेव्हा अन्न सुरक्षा नोंदणी हवीच. तुझ्याएवढ्या लहान उलाढालीला साधी नोंदणी पुरते. तो चौदा आकडी नंबर लेबलवर, सोबत घटक, वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगले, हिरवा ठिपका आणि तुझा पत्ता. तुझ्या लेबलवर तारीख नाही, फोटोत पाहिले.

आता पाच लाख. ओळखीच्यांनी चुकीचे सांगितले असे नाही. ग्रामीण भागातल्या बाईला पीएमईजीपीत ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे पाच टक्केच घालायचे. पाच लाखांत तुझे २५,००० आणि अनुदान १,७५,०००. ऐकायला गोड. पण ते अनुदान तुझ्या हातात येत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. त्यावर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जालाही व्याज नाही. उरलेल्याचा हप्ता मात्र दर महिन्याला. तुझ्या दोनशे बाटल्या २२० नेच गेल्या असे धरले तरी वर्षाचे ४४,०००. त्यात यंत्राचा हप्ता कुठून निघणार? दोनशे बाटल्या नरसाळ्याने भरल्या जातात गं. शिवाय ती योजना नव्या धंद्यासाठी आहे. चालू धंदा दाखवलास तर बसत नाही, आणि नवा म्हणून दाखवायला कोणी सांगितले तर त्या माणसापासून लांब राहा. तुझी अडचण यंत्राची नाही, मे ते ऑगस्ट बाटल्या-मिठाच्या पैशांची आहे. त्यासाठी मुद्राचे शिशु कर्ज पुरते. ५०,००० पर्यंत, तारण नाही. तुला त्यातले पंधरा-वीस हजारच लागतील. पन्नास मिळतात म्हणून पन्नास घेऊ नकोस.

पुढल्या उन्हाळ्यात दिवस मोजून लिहून ठेव. तुझे वेगळे, आईचे वेगळे.

पेडण्याहून एक वाचक : भाचीला पार्लरसाठी कर्ज मिळवून देतो म्हणून एक जण २,५०० रुपये ‘फाइल खर्च’ मागतो. उद्यम प्रमाणपत्राचे वेगळे ८००. द्यावेत का?

नाही. उद्यम फुकट आहे, वर सांगितलेच. सरकारी योजनेच्या अर्जालाही पैसे लागत नाहीत. ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ म्हणणारा माणूस साहेबांना भेटलेला नसतो. साहेबांच्या जागी मी अनेक वर्षे बसले आहे. भाचीला एकटीला शाखेत पाठवा. पहिल्या दिवशी तिला ताटकळत ठेवतील, दुसऱ्या दिवशीही कदाचित. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतील. ते २,५०० तिच्याकडे ठेवा. केस कापायची बरी कात्री त्यात येते.

कुडचड्याहून एक भाऊ लिहितात : माझी बहीण २७ वर्षांची. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी सोडले, घटस्फोट नाही. पाच वर्षांचा मुलगा आहे. ती माहेरी असते, स्वयंपाक उत्तम करते. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना डबे द्यायचे तिच्या मनात आहे, बारा जण तयारही आहेत. बँक नवऱ्याची सही मागेल म्हणून धंदा आणि कर्ज दोन्ही माझ्या नावावर करावे असे घरात ठरते आहे. योग्य होईल का?

तुमची माया दिसते, पण नाव तिचे ठेवा.

तारणाशिवायच्या लहान मुद्रा कर्जात घर गहाण पडत नाही, त्यामुळे नवऱ्याच्या सहीचे कारण नाही. कोणी मागितलीच तर नियम लेखी मागा. घरावर किंवा जमिनीवर कर्ज काढायचे झाले तर गोष्ट निराळी. आपल्या गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि स्थावराच्या व्यवहाराला दोघांच्या सह्या लागतात. म्हणून त्या वाटेला जाऊच नका. घटस्फोट झाला नाही तोवर उद्या धंदा वाढला तर नवरा वाटा मागायला येईल का, हा प्रश्नही तुमच्या मनात असेल. पत्रात लिहिला नाहीत, पण कागदाच्या दाबावरून दिसतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे काम कर्जाच्या आधी करा.

बारा डबेवाले तयार आहेत म्हणजे बहुतेकांकडे नसते ते तिच्याकडे आहे. त्यांच्याकडून आठवड्याचे पैसे सोमवारी आगाऊ घ्यायला सांगा तिला. कामगार महिनाअखेर देतो म्हणाला तर नको. महिनाअखेर पाळी बदलते, कंत्राटदार बदलतो, माणूसच गावी जातो. बारांचा आगाऊ आठवडा आला की तांदूळ-मासळीला कर्ज लागणारच नाही बहुधा. भांडी, दुसरा गॅस आणि डबे एवढ्यापुरतेच घ्यावे लागेल. सकाळी सात ते अकरा मुलाला कोण बघणार, तेवढे घरात आजच ठरवा. ते तुमच्या बायकोवर टाकणार असाल तर आधी तिला विचारा.

आणि एक. पत्र तुम्ही लिहिलेत, अक्षर सुरेख आहे. पण किती डबे, किती भाव, मासळीचा दिवस कोणता, यातले काहीच तुम्हाला सांगता आलेले नाही. ते तिला माहीत आहे. पुढचे पत्र तिला लिहू द्या. शुद्धलेखन मी बघत नाही.